अकरावीचा पावसाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात सोयाबीन फुलावर येतं, कपाशीला पात्या धरू लागतात, शेतात तणाशी झुंज चाललेली असते, आणि २०२५ मध्ये नेमक्या त्याच आठवड्यात अकरावीचे वर्ग भरले. वेळापत्रकातली तारीख होती ११ ऑगस्ट. दहावीचा निकाल लागला होता १३ मेला. म्हणजे निकाल हातात पडल्यापासून वर्गात बसेपर्यंत जवळजवळ तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत पेरणी झाली, डवरणी झाली, निंदणाला बायका मिळेनाशा झाल्या, खताची उधारी वाढली. पोरगं घरीच आहे म्हणून त्याच्या हातात बैलांचा कासरा आला, पोरगी घरीच आहे म्हणून तिच्या हातात खुरपं आलं. मग एक दिवस मोबाईलवर संदेश आला की कॉलेज सुरू झालंय. शेतातून उठून पोरं एसटीत बसली आणि दारव्ह्याला उतरली.

अकरावीबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं, पण ते बहुतेक प्रवेशाबद्दल असतं. कट-ऑफ किती, शाखा कोणती, यादीत नाव लागलं का. प्रवेश झाला की घरातली चर्चा संपते. मला लिहायचं आहे ते त्यानंतरच्या सहा-आठ आठवड्यांबद्दल. विदर्भातल्या शेतकरी घरात हे आठवडे वर्षातल्या सगळ्यात कामाच्या आणि सगळ्यात तंगीच्या दिवसांत येतात. पैसा गुंतलेला असतो जमिनीत, पीक हाती यायला दिवाळी उजाडते, आणि शिकवणीची फी, पुस्तकं, गणवेश, खोलीचं आगाऊ भाडं हे सगळं मागितलं जातं ऑगस्टात. त्यात २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरातल्या अतिवृष्टीने यवतमाळ जिल्ह्यातली शेतं पाण्याखाली गेली. बाप बांधावर उभा राहून पिवळं पडलेलं सोयाबीन पाहत होता तेव्हा त्याचं पोरगं वर्गात न कळणाऱ्या भाषेतला फळा पाहत होतं. दोघांनीही संध्याकाळी घरी येऊन एकमेकांना काही सांगितलं नाही. अशी घरं या तालुक्यात कमी नाहीत.

प्रवेशाची गोष्ट थोडक्यात सांगून टाकतो, कारण तिचा पुढच्या आठवड्यांशी संबंध आहे. २०२४ पर्यंत अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश मुंबई महानगर, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरता होता. दारव्ह्यासारख्या गावात मार्कशीट आणि दाखला घेऊन बापासोबत जायचं, सर समोर बसलेले असायचे, ते मार्क पाहायचे, पोराकडे पाहायचे, आणि दोन प्रश्न विचारून नाव लिहून घ्यायचे. २०२५ मध्ये पहिल्यांदा संपूर्ण राज्यासाठी एकच ऑनलाइन प्रक्रिया आली. शंभर रुपये भरून नोंदणी, अर्जाचा भाग एक, भाग दोन, किमान एक आणि जास्तीत जास्त दहा पसंतीक्रम. २१ मेला संकेतस्थळ उघडलं आणि अडकलं, २६ मेपासून पुन्हा नोंदणी सुरू झाली. पहिली यादी २६ जूनला लागायची ती २८ जूनला लागली. तीत राज्यातल्या सुमारे ६ लाख ३२ हजार मुलांना जागा मिळाली, त्यातल्या साडेचार लाखांहून अधिक जणांना पहिल्या पसंतीचं कॉलेज. राज्यात जागा २१ लाखांच्या वर आणि दहावी उत्तीर्ण झालेली मुलं साडेचौदा लाखांच्या आसपास. जागांची टंचाई दारव्ह्याला नव्हतीच. पण त्या दोन प्रश्नांची भेट गेली. सरांनी पोराकडे पाहायचा तो एक क्षण प्रक्रियेतून निघून गेला, आणि त्याच्या जागी नेटकॅफेतल्या माणसाने भरलेला अर्ज आला. पारदर्शकतेच्या दृष्टीने नवी पद्धत चांगली असेल, असूही दे. पण ज्या तालुक्यात मोजकीच कनिष्ठ महाविद्यालयं आहेत तिथे त्या भेटीचं मोल मोठं होतं. ती भेट आता प्रवेशानंतर, पहिल्या आठवड्यात, मुद्दाम घडवून आणावी लागेल.

अमरावती विभागाचा २०२५ चा दहावीचा निकाल ९२.९५ टक्के होता. यवतमाळ जिल्हा याच विभागात येतो. याचा अर्थ बहुतेक घरांत मे महिन्यात पेढे वाटले गेले. ज्यांच्या घरात आजवर कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं अशा घरांतही. त्या पेढ्यांची चव तोंडात असतानाच अकरावीची पहिली घटक चाचणी येते. २५ गुणांची असते. दहावीला ८५ टक्के मिळवलेलं पोरगं भौतिकशास्त्रात २५ पैकी ६ किंवा ७ घेऊन येतं. घरी दाखवत नाही.

हे का होतं, ते पालकांनी समजून घेतलं तर अर्धी लढाई तिथेच हलकी होते. दहावीला विज्ञान असो की गणित, ८० गुणांची लेखी आणि २० गुण शाळेच्या हातातले. सहा विषयांपैकी उत्तम पाच विषयांचे गुण धरले जातात. अकरावीच्या घटक चाचणीत ही दोन्ही टेकणं नसतात. त्याहून मोठा बदल पुस्तकात आहे. अकरावीच्या भौतिकशास्त्राचं पहिलं प्रकरण एककं आणि मापनाचं. ते निभावतं. दुसरं प्रकरण गणिती पद्धतींचं: सदिश, त्यांचे गुणाकार, आणि अवकलन-संकलनाची तोंडओळख. आता गणिताचं पुस्तक उघडून पाहा. तिथे पहिला भाग कोन आणि त्याच्या मापनापासून, त्रिकोणमितीपासून सुरू होतो. अवकलन येतं दुसऱ्या भागात, शेवटी-शेवटी. म्हणजे भौतिकशास्त्राचे सर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फळ्यावर जे चिन्ह काढतात, ते गणिताचे सर शिकवतील तेव्हा वर्ष संपत आलेलं असेल. मुलाला वाटतं, सगळ्यांना येतं, मलाच येत नाही. प्रत्यक्षात वर्गातल्या कुणालाच ते शिकवलेलं नसतं. हे एक वाक्य पहिल्या पंधरा दिवसांत कुणी तरी त्याला सांगायला हवं. शिक्षकाने सांगावं, थोरल्या भावाने सांगावं, बारावीतल्या शेजाऱ्याने सांगावं. रसायनशास्त्रातही तीच गत. पहिल्याच प्रकरणात मोल येतो आणि त्याच्यासोबत ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. गाठ दिसते अवघड. दोन संध्याकाळी शांतपणे बसलं तर सुटते, पण त्या दोन संध्याकाळी मिळाल्या नाहीत तर पुढची सगळी गणितं तिथेच अडतात.

आणि भाषा. दारव्हा, दिग्रस, नेर या पट्ट्यातली बहुतेक मुलं मराठी माध्यमातून येतात. सेमी इंग्रजीवाल्यांना निदान शब्दांची सवय असते. ज्यांनी सातवी-आठवीपासून बल, वेग, त्वरण, आम्ल, आम्लारी असं वाचलं, त्यांच्यासमोर अकरावी विज्ञानात अचानक सगळं इंग्रजीतून येतं. ज्ञान तेच, नाव बदललेलं. पण नाव बदललं की ओळखीचा माणूसही परका वाटतो. यावर एक साधा उपाय कितीतरी शिक्षक आपापल्या पातळीवर करत आले आहेत. दहावीचं विज्ञानाचं मराठी पुस्तक रद्दीत घालायचं नाही. वहीच्या डाव्या पानावर रोज दहा शब्द, मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी. महिनाभरात दोन-अडीचशे शब्द होतात. पहिल्या सत्रापुरती तेवढी शिदोरी पुष्कळ आहे. घरात इंग्रजी कुणालाच येत नसलं तरी माय हे काम पाहू शकते. तिने अर्थ तपासायचा नाही, वहीचं आजचं पान भरलंय का एवढंच पाहायचं.

कला आणि वाणिज्यच्या मुलांचं दुखणं वेगळं. भाषेचा धक्का तिथे कमी, पण दुर्लक्ष जास्त. सायन्सच्या पोराला शिकवणी लावतात, खोली करून देतात; आर्ट्सच्या पोरीला सांगतात, घरी बसून वाचलं तरी होते. वाणिज्यला गेलेल्या मुलासमोर पुस्तपालनाचा डेबिट-क्रेडिटचा नियम येतो, तो त्याने पूर्वी कधी ऐकलेला नसतो, आणि त्याच्यासाठी शिकवणी असावी असं घरात कुणाच्या मनात येत नाही. शाखेवरून मुलांचा मान ठरवण्याची ही रीत आपल्या भागात फार खोल गेली आहे. पाहुणे आले की विचारतात, "सायन्सले टाकलं का?" नाही म्हटलं की विषय बदलतात. सोळा वर्षांचं मूल तिथेच बसलेलं असतं आणि ते सगळं ऐकत असतं.

भाषेच्या पाठ्यपुस्तकाचं नाव दहावीला कुमारभारती असतं, अकरावीपासून युवकभारती. नावापुरतं मूल एका उन्हाळ्यात कुमाराचं युवक होतं. वागवणारेही तसंच वागवू लागतात. शाळेत हजेरी घेताना वर्गशिक्षक मान वर करून पाहायचे, दोन दिवस गैरहजर राहिलं की गावातल्या कुणाकडे तरी निरोप यायचा, "काहून, पोरगं दिसत नाही?" कनिष्ठ महाविद्यालयात असा निरोप सहसा येत नाही. आपल्या राज्यात अकरावी-बारावी कुठे माध्यमिक शाळेला जोडलेली असते, कुठे वरिष्ठ महाविद्यालयाला. दारव्ह्यात मुंगसाजी महाराज महाविद्यालयासारख्या मोठ्या आवारात पाऊल टाकणारं खेड्यातलं मूल पहिल्यांदा वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींमध्ये वावरतं. धामणगाव देवच्या मुंगसाजी महाराजांचं नाव या पंचक्रोशीत घराघरात असल्याने नावाचा परकेपणा नाही, पण आवार परकं असतं. शाळेला जोडलेल्या वर्गात मात्र उलटी अडचण. तोच मैदानाचा कोपरा, तेच सर, फक्त गणवेश बदलला, म्हणून अभ्यासही तसाच असेल असं मूल समजतं आणि दोन महिने गाफील राहतं.

आजोबांशी बोलावं तर त्यांची अकरावी वेगळी असते. साठ-सत्तरच्या दशकात अकरावी म्हणजे मॅट्रिक, शाळेचं शेवटचं वर्ष. राज्यात नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली आणि बारावीची पहिली १९७७ मध्ये. त्या बदलाने अकरावीचं बोर्ड गेलं, आणि तिच्यामागचा दराराही गेला. दहावीला बोर्ड, बारावीला बोर्ड, मधली अकरावी कॉलेजच्या हातची. त्यामुळेच घरोघरी एक वाक्य रुळलं: अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष. दहावीभर डोळ्यांत तेल घालून बसलेले आईबाप अकरावीला हात झाडून मोकळे होतात, आणि त्यात त्यांचा आळस नसतो. त्यांना खरंच वाटतं की पोर आता मोठं झालं, त्याला त्याचं कळतं. पण वैद्यकीयच्या नीटमध्ये अकरावी-बारावी दोन्ही वर्षांचा अभ्यास येतो, आणि राज्याच्या एमएचटी-सीईटीत सुमारे २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो. बारावीच्या पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण अकरावीच्या प्रकरणावर उभं आहे. हे आरामाचं वर्ष ज्याने शोधून काढलं त्याने बारावीचं पुस्तक उघडलेलं नसावं.

तरी अभ्यास हे माझ्या मते दुसऱ्या नंबरचं काम. पहिलं काम मूल एकटं पडू न देणं.

लाडखेड, बोरी अरब, लोही अशा गावांतून रोज ये-जा करणाऱ्या पोरापोरींचा दिवस एकदा पूर्ण डोळ्यांसमोर आणावा. सकाळच्या एसटीसाठी पहाटे उठायचं, डबा झाला तर झाला. शकुंतला रेल्वे धावत होती तेव्हा दारव्हा-मोतीबाग हे जंक्शन होतं, मूर्तिजापूर-यवतमाळच्या नॅरोगेज मार्गावरचं. ती गाडी काही वर्षांपासून बंद आहे, आणि वर्धा-यवतमाळ-नांदेडच्या नव्या ब्रॉडगेज मार्गाचं काम पूर्ण व्हायचं आहे. तोवर सगळी भिस्त एसटीवर. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेतून बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, मुलांना पासात दोन तृतीयांश सवलत आहे, आणि पास थेट शाळा-कॉलेजात देण्याचा निर्णय महामंडळाने घेतला आहे. ही खरोखर मोठी सोय आहे. पण पास असला म्हणून बस वेळेवर येते असं नाही. दुपारी दोनला तास संपला आणि गावाची बस साडेचारला असेल, तर ते अडीच तास मूल कुठे असतं? हा प्रश्न पहिल्या आठवड्यात प्रत्येक आईबापाने विचारावा, पोलिसासारखा नव्हे, काळजीने. बसस्थानकाच्या बाकावर बसलेलं मूल हातातल्या फोनमध्ये बुडणारच. दुसरं त्याला करायला काहीच नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात संध्याकाळपर्यंत बसता येतं का, नगरपालिकेची अभ्यासिका जवळ आहे का, ओळखीच्या कुणाच्या ओसरीवर दोन तास वही उघडता येईल का, हे मोठ्यांनी जाऊन विचारायचं असतं. पोर स्वतः विचारत नाही, त्याला लाज वाटते.

झोपेचंही तसंच. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये सांगितलं. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री उशिरा झोप येते आणि पहाटे डोळा उघडत नाही. पहाटेच्या बसचं मूल साडेअकराला झोपत असेल तर पहिल्या महिन्यातच ते तासाला पेंगायला लागतं, आणि आपण म्हणतो, पोट्ट्याचं लक्ष नाही. दहावीनंतर हातात आलेला पहिला स्वतःचा फोन रात्री कुठे असतो, यावर घरात एकदाच, सुरुवातीलाच, शांतपणे ठरवून घेतलेलं बरं. दिवाळीत भांडून काढून घेतलेला फोन फार महाग पडतो.

दुसरा जथा बाहेरगावी गेलेल्यांचा. यवतमाळ चाळीसेक किलोमीटर, ते तरी जवळचं. पण अमरावती, अकोला, नागपूर, नांदेड, लातूर, आणि ज्यांची ऐपत आहे किंवा नाही तरी कर्ज काढतात त्यांचं कोटा. राजर्षी शाहू महाविद्यालयापासून नाव झालेल्या लातूर पॅटर्नची ओढ आपल्या भागातही मोठी आहे. यात एक प्रकार सर्रास चालतो: नाव एका कॉलेजात, पोरगं दुसऱ्या गावात शिकवणीला. राज्य शासनाने २०१८ मध्ये विज्ञानाच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला तो याच प्रकारावर. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. सोळा वर्षांखालच्या किंवा दहावीची परीक्षा न दिलेल्या मुलांना प्रवेश देऊ नये, हे त्यात आहे. नियम आले तरी प्रथा चालूच आहे, कारण तिच्यामागे घराघरातली आशा आहे. त्या आशेला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. शेतीत दोन पिढ्या खपून हातात काही न राहिलेल्या माणसाने पोराला डॉक्टर करायचं स्वप्न पाहिलं तर त्याचं काय चुकलं? एवढंच सांगायचं आहे की अशा मुलाला कॉलेज मिळत नाही. प्रयोगशाळा मिळत नाही, मैदान मिळत नाही, आवाजावरून त्याचं मन ओळखणारे सर मिळत नाहीत. त्याला मिळते एक खोली, मेसचा डबा आणि दर आठवड्याची परीक्षा. म्हणून त्याला घरून रोजचा फोन हवा, आणि त्या फोनवर पहिले सहा आठवडे परीक्षेचा विषय आपण काढायचा नाही. घरची खबर सांगायची. गाय व्याली, पऱ्हाटी वाढली, आजीचा गुडघा दुखतो. घर चालू आहे, आपली जागा तिथे आहे, हे त्याला त्यातून कळतं. मार्कांचं तो स्वतः सांगेल, वाट पाहावी. पहिल्या महिन्यात एकदा तरी आईबापापैकी कुणी तिथे जाऊन एक रात्र राहावं, मेसचं जेवावं, त्याच्या खोलीवर झोपावं. निंदणाच्या दिवसांत हे अवघड आहे हे मला ठाऊक आहे. तरी जावं.

मुलींचं सांगताना जपून बोलायला हवं, पण बोलायलाच हवं. गावात दहावीपर्यंत शाळा असते तोवर मुलगी शिकते. अकरावीला रोजचं जाणं-येणं आलं की घरात दोन गोष्टी एकदम सुरू होतात, भीती आणि बोलणी. बसमध्ये कुणी त्रास दिला तर मुलगी घरी सांगत नाही, कारण सांगितलं तर कॉलेज बंद होईल हे तिला पक्कं माहीत असतं. म्हणून तिला पहिल्याच दिवशी हे ऐकायला मिळालं पाहिजे: काही झालं तर सांग, तुझं कॉलेज बंद होणार नाही. हे शब्द बापाने बोलावेत, मायने बोलून पुरत नाही. गावातल्या चार-पाच मुलींनी एकत्र जावं, एकीची बस चुकली तर बाकीच्या थांबतील असं आयांनी आपसांत ठरवावं. आणि लग्नाची बोलणी सुरू झाली, वय अठराच्या खाली असलं, तर २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा स्पष्ट आहे. आपल्या राज्यात गावपातळीवर ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ हा क्रमांक मुलांसाठी चोवीस तास चालू असतो. वर्गातली मुलगी सलग आठ दिवस दिसली नाही तर कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिक्षिकेने एक फोन केलाच पाहिजे. कितीदा तरी त्या एका फोनने चाक थांबतं.

कागदांचा ताण हा मोठ्यांना लहान वाटतो. दारव्हा-दिग्रस-पुसद भागात बंजारा समाज मोठा, त्याचा प्रवर्ग विमुक्त जाती अ. अकरावी विज्ञानाच्या मुलांना पुढच्या व्यावसायिक प्रवेशासाठी जात पडताळणीचा अर्ज याच दोन वर्षांत करावा लागतो. विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी पुरावा लागतो २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. म्हणजे सोळा वर्षांच्या पोराला पणजोबाची शाळेतली नोंद शोधायची असते, आणि तांड्यावरचा पणजोबा बहुधा शाळेत गेलेलाच नसतो. मग महसुली नोंदी, कोतवाल बुक, चुलत घराण्यातली कुणाची तरी पडताळणी. हे काम मुलावर टाकू नये. घरातल्या एका मोठ्या माणसाने ते आपल्या अंगावर घ्यावं आणि पोराला सांगावं की हे मी पाहतो, तू पुस्तक पाहा. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी अर्जाचंही तसंच. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना अकरावीपासून लागू होते. २०१६-१७ पासून सुरू झालेल्या या योजनेत जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्याला वर्षाला ४३ हजार रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. यवतमाळला खोली करून राहणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरी ही योजना ठाऊकच नसते. अर्जाची मुदत निघून गेल्यावर ती कळते.

काही खुणा मात्र घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हव्यात. घरून निघतं पण वर्गात पोचत नाही. डबा तसाच परत येतो. दहावीपर्यंत बडबडणारं पोर हो-नाहीवर येतं. दर सोमवारी पोट दुखतं. मित्रांचे फोन उचलत नाही, किंवा आवडीच्या वस्तू कुणाला तरी देऊन टाकतं. यातली एखादी खूण आठ-दहा दिवस टिकली तर रागवायचं नाही आणि समजूतही घालायची नाही, शेजारी बसायचं आणि विचारायचं, "काय होऊन राहिलं बाबू, सांग मले." आणि मग गप्प राहून ऐकायचं. जगावंसं वाटत नाही असं त्याने म्हटलं तर ते नाटक समजू नये. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी देशभरातल्या शिक्षणसंस्थांना आणि शिकवणी केंद्रांना मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या या जिल्ह्याला कुणाचं गप्प होणं काय असू शकतं हे वेगळं सांगायला नको. इथल्या माणसांनी ते घरात पाहिलं आहे.

शाखा चुकली असं वाटलं तर काय? २०२५ मध्ये प्रवेशाच्या फेऱ्या वर्ग सुरू झाल्यानंतरही चालू राहिल्या. पुढच्या पालकांनी हे ध्यानात ठेवावं. सुरुवातीच्या आठवड्यांत शाखा बदलणं शक्य असतं, उशीर झाला की कागद अडतात. पण बदलाचा निर्णय पहिल्या चाचणीच्या गुणांवर कधीही घेऊ नये. ज्या मुलाला विषय आवडतो आणि कळत नाही, त्याला वेळ आणि माणूस द्यावा. ज्याला पुस्तक उघडायचीच भीती वाटते आणि जो फक्त घरच्यांसाठी सायन्सला बसलाय, त्याला कला किंवा वाणिज्यला जाऊ द्यावं, आणि जाऊ देताना तोंड पाडू नये. व्यवसाय अभ्यासक्रमाचा रस्ताही आहे. बारावी विज्ञान अर्ध्यात सोडून घरी बसलेल्या पोरापेक्षा आयटीआयमध्ये विजेचं काम शिकलेला पोरगा घराला लवकर हातभार लावतो, आणि ताठ मानेने.

कनिष्ठ महाविद्यालयांकडे माझी एकच मागणी आहे. बहुतेक ठिकाणी अकरावीची पालकसभा पहिल्या सत्राच्या निकालानंतर होते, तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. ती वर्ग सुरू झाल्यापासून तीन आठवड्यांच्या आत घ्यावी. सकाळी अकराला घेतली तर येतात नोकरदार. शेतकरी आणि मजूर यावेत असं वाटत असेल तर आठवडी बाजाराच्या दिवशी घ्यावी, कारण त्या दिवशी माणूस दारव्ह्याला येतोच. सभेत गुणांची यादी वाचू नये. भौतिकशास्त्राच्या सरांनी उठून सांगावं की दुसरं प्रकरण सगळ्यांनाच जड जाईल आणि पहिल्या चाचणीत गुण कमी येतील, घाबरू नका. शिष्यवृत्तीच्या तारखा मराठीत छापून हातात द्याव्यात. कोणत्या गावाची बस किती वाजता आहे ते वर्गशिक्षकाने लिहून घ्यावं आणि शेवटचा तास त्याप्रमाणे लावावा. आणि प्रत्येक पालकाने वर्गशिक्षकाचा फोन नंबर घेऊन जावं, वर्गशिक्षकाने पालकाचा.

यासाठी मंत्रालयातून आदेश यायची वाट पाहावी लागत नाही. जिथे ऑगस्टात अशी सभा झाली नाही, तिथे ती दिवाळीच्या सुट्ट्या संपल्याबरोबर नोव्हेंबरच्या पहिल्या बाजाराला घेता येईल. तेव्हा कापूस वेचणीला आलेला असतो, म्हणून संध्याकाळची वेळ धरावी, आणि तांड्यांवरची जी कुटुंबं हंगामी कामाला बाहेर पडतात ती निघायच्या आत बोलावणं पोचवावं.